पहिले वर्ष आणि आपले मंडळ

वडोदऱ्याचे आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. तिथले शिक्षण इंग्रजीतून. मराठी वा गुजराती शाळेतून आलेली अनेक मुले पहिल्या सहामाहीत वर्गात गप्प बसतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर इंग्रजीत शंका विचारायची भीड वाटते म्हणून. घरी आपण मात्र फक्त मार्क विचारतो. मराठीसाठी सभांमधून ठराव करणारे आपण, एवढे तरी करू या: दर रविवारी मंडळाच्या खोलीत वरच्या वर्गातल्या मुलांनी नव्यांच्या शंका मराठीतून सोडवाव्यात. खानदेशातून येऊन वसतिगृहात राहिलेल्या एखाद्या मुलाला सणासुदीला आपल्या पंगतीत बसवावे. येत्या जूनपासूनच सुरुवात करू या.