गाठीची ओळख आणि गाठीचे औषध

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तनाच्या कर्करोगाला नाव एकच असले तरी तो रोग एकच नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन ताग्यांतील सूत निराळे असते आणि ते धुतल्यावर कळते, तसेच या गाठींचे आहे. एका भगिनीची गाठ काढल्यावर ती पुन्हा उद्भवत नाही. दुसरीचा आजार थोड्याच काळात शरीरभर पसरतो. या फरकाचे एक मोठे कारण डॉ. अ‍ॅक्सल उलरिख या जर्मन संशोधकाच्या कार्यातून उलगडले.

उलरिख यांचा जन्म १९४३ चा. अमेरिकेत जाऊन त्यांनी प्रथम इन्सुलिनच्या जनुकावर काम केले. पुढे कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'हर-२' हे मानवी जनुक वेगळे काढले. जनुक म्हणजे पेशीला मिळालेली जणू लेखी आज्ञाच. हर-२ च्या आज्ञेने पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश पोहोचविणारे ग्राही तयार होतात. जनुक हाती आले होते. परंतु त्याचा कोणत्या रोगाशी संबंध आहे, हे मात्र उमगलेले नव्हते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. डेनिस स्लॅमन यांच्याजवळ रुग्णांच्या गाठींचे नमुने गोठवून जपलेले होते. एकाजवळ जनुक, दुसऱ्याजवळ नमुने. अशी ही भागीदारी जमली. स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती दुपटीपासून वीस पटींहूनही अधिक वाढलेल्या आढळल्या. ज्या स्त्रियांमध्ये प्रती अधिक, त्यांचा आजार लवकर उलटत होता आणि आयुष्यही तोकडे ठरत होते. १९८७ च्या जानेवारीत हा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. (पुढे अधिक मोजणी झाल्यावर हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास स्थिरावले.)

ओळख पटली, पण उपाय कोठे होता? जेनेन्टेकमधील डॉ. मायकेल शेपर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हर-२ च्या ग्राहीला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड उंदरांच्या साहाय्याने मिळविले. उंदराचे प्रतिपिंड मानवी शरीर परके मानते. म्हणून त्याचा बहुतेक भाग मानवी घडणीचा करण्यात आला. एवढे होऊनही कंपनीचा हात आखडताच राहिला. कर्करोगाच्या औषधात तिची आधी निराशा झाली होती. उलरिख १९८८ मध्ये म्युनिकजवळच्या मॅक्स प्लांक संस्थेत गेले. स्लॅमन यांनी मात्र चिकाटी सोडली नाही; सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या रेव्हलॉन कंपनीच्या देणगीचा त्यांना आधार झाला. धनिकाचा पैसा योग्य वेळी योग्य हाती पडला, तर काय घडते, याचे हे उदाहरणच होय.

औषध अद्याप मंजूर नव्हते आणि साठा अपुरा होता. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या स्त्रिया ते मागत होत्या. अखेर १९९५ मध्ये चाचणीबाहेरील रुग्णांसाठी सोडत काढण्यात आली. कोणाला औषध मिळणार, हे चिठ्ठीने ठरावे, यापरता कठोर प्रसंग कोणता?

४६९ स्त्रियांच्या चाचणीत केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य २०.३ महिने, तर तिच्यासोबत हे औषध घेणाऱ्यांचे २५.१ महिने भरले. पाच महिने थोडे वाटतील. ज्या घरात लेकीचे लग्न ठरले असेल, तेथे विचारावे. काहींच्या हृदयावर दुष्परिणाम झाला, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत 'हर्सेप्टिन'ला मंजुरी मिळाली आणि ते कोणाला द्यावे, हे ठरविणाऱ्या गाठीच्या तपासणीलाही. माप घेतल्यावाचून कापड फाडू नये, हा नियम औषधालाही लागू झाला. पुढे २००५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर लगेच हे औषध दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे दिसून आले. २०१९ मध्ये शेपर्ड, स्लॅमन आणि उलरिख या तिघांना लास्कर पुरस्कार देण्यात आला.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. भारतात हे औषध विकणाऱ्या रोश कंपनीने २०१३ मध्ये येथील पेटंटचा आग्रह सोडला. बंगळूरच्या बायोकॉनने २०१४ च्या आरंभी त्याच जातीचे औषध सुमारे पंचवीस टक्के कमी किमतीत बाजारात आणले. तरीही वर्षभर, दर तीन आठवड्यांनी एक, अशा सतरा-अठरा मात्रा घ्याव्या लागतात, आणि गाठीचा अहवाल हाती आल्यावर अनेक कुटुंबांत पहिली बेरीज याच मात्रांची होते.