सभागृहाची कोंडी आणि मतदाराचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



लोकप्रतिनिधीच्या शिरावर दुहेरी ऋण असते. पक्ष त्याला उमेदवारी देतो आणि मतदार त्याला सभागृहात पाठवतात. कामकाज सुरळीत चालते तोवर या दोन ऋणांतील विरोध जाणवत नाही. सत्तारूढ आणि विरोधी पक्ष हट्टाला पेटले, की मात्र पक्षाची प्रतिष्ठा सांभाळली जाते आणि मतदाराचे गाऱ्हाणे कामकाजपत्रिकेवरच राहून जाते. अशा वेळी प्रतिनिधीचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने टाळता कामा नये.

2018 सालच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाचे उदाहरण पाहावे. आंध्र प्रदेशाचा विशेष दर्जा, कावेरीचे पाणी, बँकेतील घोटाळा अशा विषयांवरून लोकसभेत रोज गदारोळ होत होता. 14 मार्च रोजी त्या गदारोळातच सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकण्यात आल्या आणि संमत झाल्या. पाठोपाठ वित्त विधेयकही संमत झाले. ते अंदाजपत्रक सुमारे 24 लाख 42 हजार कोटी रुपयांचे होते.

त्या दिवशी नेमके काय बुडाले? अनुदानाच्या मागणीवर सदस्याला कपात सूचना देता येते. तिचा एक प्रकार केवळ 100 रुपयांच्या कपातीचा असतो. 100 रुपये वाचवणे हा तिचा हेतू नसतो. शासनाच्या अखत्यारीतील एखादे विशिष्ट गाऱ्हाणे सभागृहापुढे मांडून मंत्र्याकडून उत्तर घेणे, हा तिचा हेतू असतो. रखडलेला महामार्ग असो की गावातले बंद पडलेले टपाल कार्यालय, त्याला सार्वभौम सभागृहाचे दार उघडणारी हीच किल्ली आहे. मागण्या चर्चेविना संमत झाल्या, की ही किल्ली निरुपयोगी होते. सरकारला पैसा मिळाला. विरोधकांना वृत्तपत्रांत मथळा मिळाला. रिकाम्या हाताने परतला तो मतदार.

या कोंडीचा पहिला दोष सत्तारूढ पक्षाकडे जातो, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. सभागृह चालवणे ही बहुमताची जबाबदारी आहे. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून 146 विरोधी सदस्य निलंबित झाले आणि देशाच्या फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके त्याच अधिवेशनात संमत करून घेण्यात आली. निलंबन सदस्याचे होते, पण मुका होतो तो त्याचा सारा मतदारसंघ.

तथापि विरोधकांनीही स्वतःला तपासून पाहावे. 2010 चे हिवाळी अधिवेशन दूरसंचार घोटाळ्याच्या चौकशीसाठी संयुक्त संसदीय समिती हवी, या मागणीपायी जवळजवळ संपूर्ण वाया गेले. 2011 मध्ये समिती मिळाली. परंतु 2013 मध्ये आलेला तिचा अहवालही पक्षनिहाय दुभंगलेलाच होता. मागणी न्याय्य होती. प्रश्न असा, की तिच्यासाठी दिलेल्या किमतीचा हिशेब मतदारांना कोणी दिला?

समाजवादी परंपरेने वेगळा मार्ग दाखवला आहे. ऑगस्ट 1963 मध्ये लोकसभेत पहिला अविश्वासाचा ठराव आला. तो 62 विरुद्ध 347 मतांनी फेटाळला जाणार, हे साऱ्यांना दिसत होते. पण नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया त्या काळात सभागृहात आकडे घेऊन उभे राहिले. देशातील 27 कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. पंतप्रधान नेहरूंचा आकडा 15 आण्यांचा होता. त्या वादातून दारिद्र्य हा आकडेवारीने तपासण्याचा राष्ट्रीय विषय झाला. मतदानात विरोधक हरले. ज्यांच्यासाठी ते बोलत होते, ती माणसे मात्र प्रथमच सभागृहात दिसू लागली. सभागृह बंद पाडून हे साधले नसते.

प्रा. मधु दंडवते 1971 पासून 20 वर्षे राजापूरचे खासदार होते. त्यांपैकी जेमतेम साडेतीन वर्षे ते सत्तेत होते. बॅ. नाथ पै यांनी लावून धरलेला कोकण रेल्वेचा प्रश्न त्यांनी पुढे नेला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. 1991 मध्ये दंडवते पराभूत झाले आणि जानेवारी 1998 मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रतिनिधीची सेवा आणि निवडणुकीतील फळ यांचा मेळ बसेलच असे नाही. सेवेचे मोल त्याने कमी होत नाही.

सहमतीने पक्ष पातळ होतो, ही भीतीही निराधार आहे. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीचे महत्त्व पटवले. काँग्रेसचे वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना विरोधकांनीही आपली मानली आणि 1977 चा कायदा विधिमंडळाने एकमताने केला. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यामुळे कोणाचा झेंडा खाली आला नाही. खडी फोडणाऱ्या मजुराला मात्र काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला.

पक्षादेशाची सबब पुढे केली जाते. 1985 च्या पक्षांतरबंदीने सदस्याचे मतदान बांधले आहे. प्रश्न विचारण्याचे त्याचे स्वातंत्र्य बांधलेले नाही. मतदारसंघाचे काम म्हणजे शिफारसपत्रे वाटणे, हा समजही सोडावा लागेल. शिफारशीने एकाचे काम होते आणि रांगेतला दुसरा मागे पडतो. एकाच्या गाऱ्हाण्यातून सर्वांचा नियम बदलून घेणे, हे प्रतिनिधीचे खरे काम.

यात कार्यकर्त्याचा वाटा मोठा आहे. रस्त्यावरील लढा सोडावयाचा नाही. सभात्यागाचा आणि निषेधाचा हक्कही सोडावयाचा नाही. पण प्रत्येक अधिवेशनापूर्वी तालुक्यातील गाऱ्हाणी कागदोपत्री पुराव्यासह प्रतिनिधीच्या हाती द्यावीत आणि अधिवेशन संपताच त्याला जाहीर सभेत बोलावून विचारावे: किती प्रश्न दिले, किती कपात सूचना दिल्या, उत्तर काय मिळाले? प्रतिनिधी स्वपक्षाचा असेल, तर हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारावा.