हिमनदीकाठची धर्मशाळा



वैशाखाच्या या उकाड्यात बर्फाची हकीकत सांगण्यासाठी चालकांनी आम्हांला उभे केले, यात त्यांनी आपल्यावर दया केली असे आपण समजत असाल. थंडाव्याची हमी मात्र आम्ही घेत नाही. ज्या बर्फाविषयी बोलायचे, ते स्वतःच आटत चालले आहे.

स्वित्झर्लंडमधील आलेच ही आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी. लांबी वीस किलोमीटरांहून अधिक. वरच्या अंगाला बर्फाचे मोठमोठे ओघ एका विस्तीर्ण मैदानात येऊन मिळतात. त्या मैदानाला कॉन्कॉर्डिया म्हणतात. त्याच्या काठच्या खडकावर, समुद्रसपाटीपासून २,८५० मीटर उंचीवर, याच नावाची एक विश्रांतिगृहवजा झोपडी आहे. झोपडी हा त्यांचा शब्द. आत निजायला दीडशेच्या आसपास माणसांची सोय आहे. तेथे मोटार जात नाही, घोडा जात नाही. शिधा हेलिकॉप्टरने येतो आणि माणूस पायांनी.

जुलै २०१८ मध्ये आम्ही चौघे तेथे गेलो. आमच्यातील अण्णा साठी उलटलेले, शिवाय गुडघ्याचे दुखणे जुने. सोबत एक स्थानिक वाटाड्या होता. यूंगफ्राउयोखपर्यंत आगगाडी जाते. १८९६ मध्ये काम सुरू होऊन १९१२ मध्ये ही दातेरी रुळांची वाट पुरी झाली. डोंगराच्या पोटातून ती प्रवाशाला ३,४५४ मीटरांवर नेऊन सोडते. म्हणजे ही यात्रा उफराटी: गाडीने वर जायचे आणि देवळासाठी पायी खाली उतरायचे!

वाटाड्याने बजावले होते की, ऊन चढण्यापूर्वी बर्फावर पाऊल पडले पाहिजे. आम्ही स्थानकावर छायाचित्रे काढण्यात तासभर घालवला. दोष सर्वस्वी आमचा. हिमनदीला खोल भेगा असतात आणि त्यांवर हिमाचे पातळ झाकण धरलेले असते. पहाटे ते झाकण टणक असते, दुपारी दहीभातासारखे होते. म्हणून सर्वांना एका दोराने बांधतात आणि दोर ढिला पडू द्यायचा नाही असा नियम असतो. मैदान जवळ आले असता आमच्यातील एकाचा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली पाय टेकायला काही नव्हते. दोर ताठ होता म्हणून तो तेवढ्यावर निभावला. वाटाड्या ओरडला नाही. त्याने फक्त घड्याळाकडे बोट दाखवले. ओरडला असता तर बरे वाटले असते.

असो. मैदान ओलांडून खडकाच्या पायथ्याशी आलो. झोपडी दिसत होती, पण मान मोडेपर्यंत वर! कड्याला लोखंडी जिने ठोकले आहेत. १८७७ मध्ये येथे पहिली झोपडी बांधली तेव्हा ती बर्फापासून सुमारे ५० मीटर उंच होती. आज ते अंतर दीडशे मीटरांच्या पुढे गेले आहे. झोपडी वर सरकलेली नाही. खालचा बर्फ खचला. तो जसजसा खचतो तसतसा जिना खालून वाढवावा लागतो. आपण घराला मजला चढवतो तो वर. यांना पायऱ्या जोडाव्या लागतात त्या तळाशी. पर्वतीच्या पायऱ्या आपल्या पायांना ठाऊक आहेत. तशा चार पर्वत्या एकावर एक ठेवा, आणि पायऱ्यांच्या जाळीतून खालची पोकळी दिसते असे समजा. आमची मोजदाद चारशेंच्या पुढे चुकली.

मध्यावर अण्णा थांबले. आम्ही म्हटले, “अण्णा, बसा घटकाभर.” ते म्हणाले, “बसलो तर उठणार नाही. तुम्ही बोलत राहा, म्हणजे झाले.” तेव्हा आम्ही अंगी नसलेल्या उत्साहाने बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही.

दारातच बूट काढून तेथल्या सपाता घालायच्या. वहीत नाव लिहायचे आणि उद्या कोठे जाणार तेही लिहायचे; माणूस परतला नाही तर शोध कोठे घ्यावा हे त्यावरून कळते. जेवण ठरल्या वेळी, सर्वांना एकच. शाकाहाराचे आधी कळवले होते म्हणून अण्णांची अडचण झाली नाही. निजायला ओळीने गाद्या. शेजारी कोण हे विचारायचे नाही. पहाटे तीनच्या सुमारास शिखरावर जाणारे उठतात आणि आवाज न करण्याच्या खटपटीत सर्वांना जागे करतात. रखवालदार नसतो त्या महिन्यांतही अशा झोपड्यांतील एक खोली उघडी ठेवतात. वाटसरू येतो, चूल पेटवतो, राहतो आणि पैसे पेटीत टाकून जातो. फुकट काही नाही; पण दाराला कुलूपही नाही.

ही झोपडी नव्हती तेव्हा लोक जवळच्या फाउलबेर्गच्या कपारीत रात्र काढीत. १८५८ च्या ऑगस्टमध्ये जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ फिन्स्टरआरहोर्न शिखर चढण्यापूर्वी तेथेच निजला होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रयोगशाळेत त्याने कोणते वायू उष्णता शोषतात याचे प्रयोग आरंभले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइड ती शोषतात, हे त्याने मोजून दाखवले. आपल्या धुरांड्यांतून गेलेल्या त्याच वायूने आज त्या कपारीखालचा बर्फ वितळतो आहे. त्या रात्री गाद्यांवर पडल्या पडल्या आम्ही हेच बोलत होतो. आम्हीही विमानाने तेथे गेलो होतो, ही गोष्ट कोणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही वाटाड्याच्या आधी तयार होतो. जिना उतरताना अण्णांनी बोलण्याची गरज ठेवली नाही. तळाच्या पायऱ्यांचे लोखंड वरच्याहून नवे दिसत होते. शेवटच्या पायरीखालीही बर्फ थोडा दूरच होता. तेथे दगडगोट्यांवरून घसरत उतरावे लागले.

हिमनदीच्या काठाकाठाने, मेर्येलन तळ्यावरून, आम्ही संध्याकाळी खोऱ्यात आलो. तेथील फीश गावची गोष्ट सांगून रजा घेतो. सतराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत होती आणि तिच्या अडसराने साठलेले पाणी फुटून गावात शिरे. १६७८ मध्ये गावकऱ्यांनी नवस केला की, आम्ही धर्माने वागू, हिमनदीला आवर. पिढ्यान् पिढ्या ही प्रार्थना चालू होती. एकोणिसाव्या शतकापासून हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक आखडली. तेव्हा गावकऱ्यांनी नवस बदलण्यासाठी रोमला पोपकडे परवानगी मागितली, आणि २०१० मध्ये ती मिळाली. आता तेथे प्रार्थना होते ती हिमनदी वाढावी म्हणून.