पाणकाठची पाखरे आणि माझा कॅमेरा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



पाणपक्ष्यांचे फोटो कसे काढावेत यावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. माझी पात्रता एवढीच की, मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून बुद्धिहाळच्या तलावाकाठी आणि जमेल तेव्हा उजनीच्या पाण्यावर माझ्या फेऱ्या चालू आहेत.

‘आपल्या सांगोल्याच्या दुष्काळात कसले गं पाणपक्षी?’ असे आमच्या जाऊबाई विचारतात. गंमत अशी, की तलाव भरला म्हणजे आपण साखर वाटतो. पण या लांब पायांच्या पाखरांची पंगत बसते ती पाणी ओसरू लागल्यावर. उघड्या पडलेल्या गाळातले किडे आणि गोगलगायी हेच त्यांचे पक्वान्न. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याच्या उथळ कडेला हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळून खातो आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. धरण किती टक्क्यांवर आले, हे आपण काळजीने वाचतो, तेव्हा तिकडे त्याची पाने मांडली जात असतात!

आता फोटोचे. सकाळचे ऊन पाठीशी घ्यावे आणि सरळ जमिनीवर बसावे. उभ्याने काढलेला फोटो म्हणजे माडीवरून काढलेली वरात. नुसत्या टाळू दिसतात. बगळा पांढराशुभ्र, म्हणून कॅमेऱ्यात प्रकाश जरा कमी घ्यावा, नाहीतर पिसे न दिसता चुन्याचा गोळा उमटतो. पाखराच्या मागे मुळीच धावू नये. शेकाट्या आपल्या गुलाबी काड्यांवर चरत चरत आपणच जवळ येतो; तासभर गप्प बसणे तेवढे जमले पाहिजे. (हे आपल्या मंडळात अवघड आहे, हे मी जाणून आहे.)

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात, तलावाकाठच्या खड्यांत मला टिटवीची चार अंडी दिसली. खड्यांसारखीच ठिपक्यांची. मी दहा-बारा पावलांवर ठाण मांडले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, पंख पसरून अंगावर येत होती. डोळ्यापुढची लाल झालरसुद्धा स्पष्ट दिसत होती. मला वाटले, काय सुरेख फोटो मिळताहेत! नवापासून साडेदहापर्यंत मी हलले नाही.

पुढे पुस्तकात वाचले, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. अंडी चारही तशीच होती. ऊन रणरणत होते आणि टिटवी कुठेच नव्हती. टिटवी ओरडली की अपशकुन, असे आमच्या सासूबाई म्हणत. त्या दिवशी तिला अपशकुन झाला होता तो माझा.

आजच्या प्रदर्शनात तो पंख पसरलेला फोटो लावा, असा पुष्कळ जणींनी आग्रह केला. चांगला आला आहे, हे खरे. मी तो दिलेला नाही. भिंतीवर आहेत ते सारे चरणाऱ्या पाखरांचे आहेत, आणि दोन जरा हललेलेही आहेत, सांभाळून घ्यावे.

डिसेंबरात ज्यांना यायचे असेल त्यांनी आदल्या रात्री मला सांगावे. मातकट रंगाचे लुगडे किंवा साडी, बसायला पोते, आणि बांगड्या शक्य तर रुमालात गुंडाळाव्यात. त्यांची किणकिण पाखरांना फार लांबून ऐकू जाते. पहाटे साडेपाचला आमच्या अंगणातून निघू. चहा मी करीन.