भिंतीतलं लहान फाटक
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात संस्थेच्या माजी सचिवांनी केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. 'जुन्या आठवणी सांगा' असा कमिटीचा आदेश आहे. आठवणी गोडच असाव्यात असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं, म्हणून एक कडू आठवणही घेऊन आलो आहे.

१९९९ साली आपली संस्था नोंदली गेली. तेव्हा बाणेर म्हणजे पुण्याच्या बाहेर. मित्र म्हणायचे, "अरे, गावाकडे कशाला चाललास?" रस्त्यावर दिवे नाहीत, पाणी टँकरचं, रिक्षावाला परतीचं भाडं मागायचा. दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर नऊ लाखांना. कर्जाचा दर साडेतेरा टक्के. प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, सौ.च्या पाटल्या गहाण ठेवल्या. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची हीच कथा आहे. आपण कुणी श्रीमंत म्हणून इथं आलो नाही. शहरात परवडत नव्हतं म्हणून आलो.

आज त्याच घराला दलाल सव्वा कोट सांगतो. आपण तेच आहोत, भिंतीही त्याच आहेत. जमिनीचा भाव वाढला आणि आपण बसल्या जागी 'उच्चभ्रू' झालो. त्यात आपलं कर्तृत्व किती आणि नशीब किती, हे ज्यानं त्यानं रात्री झोपताना ठरवावं.

आता ती आठवण. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर मोठा प्रकल्प आला, तेव्हाची. २०१३ साली शासनानं नियम केला की ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प करायचा तर २० टक्के बांधकाम लहान घरांसाठी ठेवायचं. घर ३० ते ५० चौरस मीटरचं, आणि वाटप म्हाडाच्या सोडतीतून. त्या नियमानं एक इमारत नेमकी आपल्या मागच्या भिंतीलगत यायची होती.

आपल्याकडे खळबळ उडाली. विशेष सर्वसाधारण सभा भरली. मी सचिव होतो. हरकतीचं पत्र माझ्याच हातचं. सांडपाण्याच्या लाइनवर ताण, गाड्यांची गर्दी, सुरक्षिततेचा प्रश्न अशी सगळी छान कारणं मी घातली. खरं कारण एकच होतं आणि ते पत्रात नव्हतं. सभेत मात्र एक जण बोलून गेले, "कसले लोक येतील, सांगता येत नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

पत्राचा काही उपयोग झाला नाही, इमारत झाली. मग आपण दुसरा ठराव केला. मागच्या भिंतीतलं लहान फाटक कायमचं बंद, भिंत तीन फूट वाढवायची, वर तार. ठराव एकमतानं मंजूर. इतिवृत्तात सही माझी.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत. आपल्या सोसायटीत सात घरं करायच्या. पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसं, दर अकरा महिन्यांनी नवं भाडं. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज दरवर्षी सौ.च भरून द्यायची. चौथ्या वर्षी नाव लागलं. कुठं? आपल्या मागच्याच इमारतीत. ज्या घराला मी हरकत घेतली होती, ते घर माझ्या पोळ्या करणाऱ्या बाईचं निघालं. पेढे घेऊन आल्या, तेव्हा मला पेढा गिळवेना.

पण पुढचं ऐका. त्यांना ते घर मिळालंच नाही. बँकेनं पगाराची स्लिप मागितली. सात घरांत पंधरा वर्षं काम, पण कागदावर एकही घर नाही. सगळा पैसा रोख, पदराच्या गाठीत. मी लेटरहेडवर दाखला दिला. बँकेतला साहेब सभ्यपणे म्हणाला, "काका, यावर कर्ज नाही होत." मुदत संपली, घर प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला गेलं. मावशी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आल्या. एवढंच म्हणाल्या, "दादा, नशिबात नव्हतं." नशिबाचा काय संबंध? त्यांचं उत्पन्न खरं होतं. ते लिहून ठेवायचं आपण सात घरांनी कधी मनावर घेतलं नाही.

त्या इमारतीत शेवटी आले कोण? एक नर्सबाई, पीएमपीचे चालक, शाळेतले लेखनिक, नुकती नोकरी लागलेली जोडपी. म्हणजे १९९९ चे आपणच! आपल्या मुलांना तरी पहिल्या पगारात या रस्त्यावर घर घेता येईल का, विचारून बघा.

सहकारी गृहनिर्माण हा शब्द आपण पाटीवर लिहितो. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं. एकट्याला न झेपणारं घर चौघांनी मिळून उभारायचं, ही कल्पना. म्हणजे सहकारी सोसायटी जन्मली ती परवडणाऱ्या घराच्या गरजेतून. आपण त्या गरजेतून वर आलो आणि आल्याबरोबर शिडी ओढून घेतली.

घरांचा प्रश्न आपली एक सोसायटी सोडवू शकत नाही, हे मला कळतं. जमिनीचे भाव काही आपण ठरवत नाही. पण आपल्या हातातल्या दोन गोष्टी आहेत.

पहिली. घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईचा पगार दरमहा तिच्या खात्यात जमा करावा आणि वर्षाला एकदा सही करून दाखला द्यावा. मात्र तिनं मागितलं तरच, सक्ती नको. यानं उद्या कर्ज मिळेलच असं मी म्हणत नाही. पण बँकेत दाखवायला निदान पासबुकात नोंदी तरी असतील.

दुसरी. ते फाटक. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाया, ड्रायव्हर, वॉचमन मागच्या रस्त्यावर बसमधून उतरतात आणि भिंतीला वळसा घालून पंधरा मिनिटं चालत पुढच्या गेटनं येतात. पावसाळ्यात, डोक्यावर पिशवी धरून. मागच्या इमारतीच्या संस्थेनं आपल्याला लेखी कळवलं आहे, त्यांच्या आवारातून वाट द्यायला ते तयार आहेत. पत्र तीन महिने कमिटीच्या फायलीत आहे. सकाळी सहा ते रात्री नऊ फाटक उघडं ठेवा, नोंदवहीला एक माणूस बसवा. सुरुवातीचे सहा महिने मी बसतो. तसाही पेपरच वाचत असतो.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी लेखी विनंती मी आजच अध्यक्षांकडे दिली आहे. बंद करण्याच्या ठरावावर सही माझी होती. उघडण्याच्या ठरावाचा सूचक मला होऊ द्या. अनुमोदक मात्र तुमच्यातून पाहिजे.

मावशी गुडघ्यांमुळे आता फक्त दोन घरं करतात. आजच्या जेवणातली भाजी त्यांच्या हातची आहे. जेवून झालं की आत जाऊन त्यांना सांगा, चांगली झाली म्हणून. आणि सभेला या.

दहाची बारा मिनिटं झाली, माफ करा.