दूध सोडलं, मग खायचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचं घर इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकपासून जवळच. घर पहिल्यापासून शाकाहारी. पण पुण्याला शिकणारी आमची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, ‘आई, मी दूध, दही, तूपही सोडलंय,’ तेव्हा माझ्यासारख्या मुरलेल्या गृहिणीलाही प्रश्न पडला, की आता हिच्या पानात वाढायचं काय? सासूबाई तर दुखावल्याच. नातीसाठी त्यांनी मुद्दाम लोणी कढवून तूप करून ठेवलं होतं.

अशा आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द पुढे आणला. सोप्या मराठीत सांगायचं, तर जे वनस्पतींपासून मिळतं तेवढंच खायचं. कोणी प्रकृतीसाठी तसं करतं, कोणी पर्यावरणासाठी. आमच्या मुलीचं कारण साधं होतं: वासराच्या वाट्याचं दूध नको. मी वाद घालत बसले नाही. कागद-पेन्सिल घेतली आणि आठवडाभर आपल्याकडे काय काय शिजतं, त्याची यादी केली.

यादी पाहून मलाच नवल वाटलं. भाकरी, पिठलं, आमटी, मटकीची उसळ, भरली वांगी, मेथीची भाजी, ठेचा, कारळ्याची चटणी, कांदेपोहे, थालीपीठ. यात दूध कुठेच नाही! वरची तुपाची धार आणि शेजारची दह्याची वाटी, एवढंच काढायचं होतं. आपली नाशिकची मिसळसुद्धा दही वगळलं तर चालते. म्हणून कोणाला सुरुवात करायची असेल, तर माझं पहिलं सांगणं असं: महागडी पाकिटं आणायच्या आधी आपल्याच घरातली यादी करा. आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि ते जमले, की पुढचे ठरवा.

अडतं ते चहापाशी. त्यासाठी शेंगदाण्याचं दूध करून पाहा. वाटीभर दाणे रात्री भिजवायचे, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात बारीक वाटायचे, गाळून एक उकळी आणायची. खरं सांगते, चहात दाण्याचा वास येतोच. आमची मुलगी आता लिंबू पिळून कोराच चहा घेते. पण हेच दूध कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाकून रात्रभर ठेवलं, तर विरजतं. त्याचं ताक आलं-जिरं लावून छान लागतं.

‘दूध नाही, मग हाडांचं काय?’ हा सासूबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे पिकणारी नागली, म्हणजे नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. जोडीला तीळ आणि शेवग्याचा पाला. वरण-भात किंवा उसळ-भाकरी एकत्र खाल्ली, की धान्यातल्या प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते. पालेभाजीवर लिंबू पिळलं, तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण एक चूक आमच्याकडून झाली, आणि खरं म्हणजे ती सांगायलाच मी आज आले आहे. दीड वर्षानं मुलगी फोनवर सारखी ‘थकल्यासारखं वाटतं’ म्हणू लागली. मी म्हटलं, अभ्यासाचं जागरण असेल. मग पायाला मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. धान्य, डाळी आणि भाज्यांतून भरवशानं मिळत नाही. शरीरात साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. आणि दुर्लक्ष केलं, तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. औषधानं मुलगी बरी झाली. पण ती गोळी पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी होती. दूध सोडणाऱ्या प्रत्येकानं ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांनी तर अधिकच जपावं.

गांधीजींनी १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये खेड्याच्या लढ्यानंतर त्यांना आमांशानं गाठलं. माथेरानला हवापालट झाला, तरी प्रकृती सुधारेना. मुंबईत डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय शक्ती भरून येणार नाही. शेवटी कस्तुरबांनी सुचवलं म्हणून ते शेळीचं दूध घेऊ लागले. पण व्रताचा आत्मा गेला, ही खंत त्यांना राहिली. बी-१२ शोधून वेगळं काढता आलं ते १९४८ साली. गांधीजींच्या काळी नसलेली ही सोय आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. ती न वापरणं हा हट्ट झाला.

आणखी एक. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दुधाची भुकटी असू शकते. म्हणून घटकांची यादी वाचा, किंवा व्हीगन पदार्थांसाठी ठरवून दिलेलं वेगळं हिरवं चिन्ह पाहा.

सासूबाई अजून तूप कढवतात, आम्हा बाकीच्यांसाठी. पण गेल्या दिवाळीत त्यांनी एका वेगळ्या डब्यात शंकरपाळे भरले. साखरेच्या पाण्यात भिजवलेले, तेलाचं मोहन घातलेले. डब्यावर नातीचं नाव होतं. आणि दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जेवलीस का?’ दुसरा, ‘गोळी घेतलीस का?’

या दोन प्रश्नांत सगळं आलं.