नवागतास वाट कोण सांगणार?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज व्यापारानिमित्त दूरच्या मुलखातून या भागात आले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे घराणेही मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. परक्या गावी उतरलेल्या अशा कुटुंबांना पेढी, धर्मशाळा आणि मंदिर यांचा आधार असे. एकाकडून ऐकलेली गोष्ट दुसऱ्याकडे पडताळून पाहता येई.

आज करमाळा तालुक्यातील नवागत कोण? उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर येथे ऊस वाढला. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात आणि फडाजवळ कोप्या उभारतात. त्यांना माहिती देणारा बहुधा एकच, तो म्हणजे मुकादम. उचल त्याची, हिशेबाची वहीही त्याचीच. मुकादम सज्जनही असेल. परंतु ज्याचे देणे डोक्यावर आहे, त्याचा शब्द तपासून पाहण्याचे धैर्य होत नाही.

वस्तुतः अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिका आधारशी जोडलेली असल्यास परगावच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. महाराष्ट्रात ही सोय आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणास्तव बालकाचा प्रवेश अडवता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. परंतु हे सांगणारे फलक तालुक्याच्या कचेरीत असतात आणि वाचणारा पहाटेपासून फडात राबत असतो.

तो आपल्याला भेटतो दुकानात. पीठ, मीठ, तेल घेण्यासाठी तो बाजाराच्या दिवशी येतो. त्या वेळी शिधापत्रिकेची चौकशी करावी, जवळचे रास्त भाव दुकान आणि शाळा दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे. यामुळे आपल्या धान्याची विक्री थोडी घटेल, हे मी जाणतो. म्हणूनच ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या सभेत बोलत आहे.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने आपण मानतो. पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने दानधर्माची परंपरा जपली. पुढील वाटचालीत परगावच्या श्रमिकास दिलेली खरी माहिती हेही ज्ञानदानच मानावे, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!